छत्तीस सेकंदांत शिक्षक ओळखता येत नाही

प्रति,
माननीय शिक्षण आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे

महोदय,


शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या अभ्यासक्रमातल्या एका ओळीबद्दल हे पत्र लिहीत आहे. गणितीय क्षमता, वेग आणि अचूकता, मराठी व इंग्रजी भाषिक क्षमता, अवकाशीय क्षमता असे घटक सांगून झाले की त्या ओळीच्या शेवटी कल, आवड, समायोजन, व्यक्तिमत्त्व हे शब्द येतात. 2017 साली पहिली चाचणी झाली तेव्हापासून ते तिथे आहेत. 2023 आणि 2025 च्या चाचण्यांनाही तेच घटक होते. 200 प्रश्न, 200 गुण, 120 मिनिटे. एका प्रश्नाला 36 सेकंद. एवढ्या वेळात उमेदवाराने गणित सोडवायचे, आकृती मनातल्या मनात फिरवून बघायची आणि आपण माणूस कसे आहोत हेही सांगायचे. त्याचे गुण बाकीच्या गुणांत मिसळतात आणि त्या बेरजेवर पवित्र या शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरची निवड ठरते.

मी हिंगोली जिल्ह्यात शिक्षक म्हणून लागलो आणि आसपासच्या शाळांवर देखरेख करणारा केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. नवा शिक्षण सेवक, म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर काम करणारा शिक्षक, शाळेवर हजर होतो, तेव्हा त्याचा पहिला दिवस आणि पहिला पाठ केंद्रप्रमुखाइतक्या जवळून फार थोडे लोक बघतात. त्या बघण्यावर विसंबून सांगतो. शिक्षकाचा स्वभाव बघायलाच हवा. गणित कच्चे असलेला शिक्षक पुस्तक उघडून ते पक्के करू शकतो. मुलांचा तिटकारा असलेल्या माणसाला कोणते पुस्तक देणार? पण स्वभावाची परीक्षा संगणकासमोर ठरावीक पर्यायांत घेऊन तिचे गुण गुणवत्ता यादीत मिळवू नका. ते गुण काढून टाका, आणि स्वभाव जिथे दिसतो तिथे, म्हणजे वर्गात, नेमणुकीनंतरच्या तीन वर्षांत नीट बघा. एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

ही चाचणी आणि पवित्र पोर्टल का आले, हे आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना कोणी सांगायला नको. पोराच्या नोकरीसाठी शेत विकणारे बाप आम्ही पाहिले आहेत. 'जागा आहे, पण संस्थेला काही द्यावे लागेल' हे ऐकून माघारी आलेली गुणी मुले पाहिली आहेत. मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीवर शिक्षक ठरत होता, तेव्हा व्यक्तिमत्त्वाच्या नावाखाली जात, नातेगोते आणि पैसा बघितला जात होता. आज एखाद्या शेतमजुराची मुलगी केवळ स्वतःच्या गुणांवर जिल्हा परिषदेच्या शाळेत लागू शकते. ही फार मोठी गोष्ट आहे. 2021 मध्ये टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, निकालातला गैरव्यवहार उघडकीस आला तेव्हा प्रामाणिक उमेदवारांच्या विश्वासाला केवढा तडा गेला, हेही आपण जाणता. तेव्हा माझ्या पत्राचा अर्थ 'पुन्हा मुलाखती सुरू करा' असा कोणी काढू नये. संगणकावरची परीक्षा राहू द्या. तिच्यात तिला जे मोजता येते तेवढेच ठेवा.

हिंगोलीतल्या एका अभ्यासिकेत मी अधूनमधून मराठी व्याकरण शिकवायला जातो. तिथली सगळी मुले एकाच परीक्षेची तयारी करत नसतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतो, कोणी तलाठ्याची, आणि डी.एड. होऊन बरीच वर्षे झालेल्या मुली अभियोग्यता चाचणीची. सेनगाव तालुक्यातली एक मुलगी एकदा सराव पुस्तक घेऊन आली. प्रश्न असा होता: वर्गातला एक विद्यार्थी तुम्ही शिकवत असताना वारंवार मध्येच बोलतो, तर तुम्ही काय कराल? पर्याय चार. त्याला वर्गाबाहेर उभे कराल, त्याच्या पालकांना बोलावून घ्याल, त्याच्याकडे दुर्लक्ष कराल, किंवा त्याच्याशी एकट्याने बोलून कारण समजून घ्याल. तिने चौथ्या पर्यायावर खूण केली होती आणि उत्तरही तेच होते. तिची अडचण पुढच्या प्रश्नाची होती. 'मला कधी कधी विद्यार्थ्यांचा राग येतो' या विधानाशी तुम्ही किती सहमत आहात? तिने मला विचारले, "सर, इथं खरं लिहू का बरोबर लिहू?"

ती मुलगी गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते, घरी म्हशी बघते, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेते. तिला राग येतो. मलाही नोकरीची सगळी वर्षे येत होता. ज्याला चाळीस मुलांसमोर कधीच राग येत नाही असा शिक्षक मी पाहिलेला नाही. चांगला शिक्षक राग आल्यावर काय करतो, एवढाच फरक असतो. आणि ही चाचणी त्या मुलीला पहिला धडा देते तो हा, की नोकरी हवी असेल तर स्वतःबद्दल खरे बोलू नकोस.

या दोन प्रश्नांकडे आपण परीक्षा घेणाऱ्याच्या नजरेने बघावे. पहिल्या प्रश्नाचे 'बरोबर' उत्तर तयारी केलेल्या जवळपास प्रत्येकाला कळते. ज्या प्रश्नाला सगळ्यांना सारखाच गुण मिळतो तो प्रश्न निवडीच्या काही कामाचा नाही. त्याने फक्त 36 सेकंद खाल्ले. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देत नाहीत, पण तिथे कोणते उत्तर बरोबर हे कोण ठरवणार? प्रश्न तयार करणाऱ्याला जो स्वभाव आवडतो, तो. म्हणजे प्रश्न सोपा असला तर निरुपयोगी, आणि निवडीला उपयोगी पडण्याइतका अवघड केला तर मनमानी. दोन लाखांहून अधिक उमेदवार बसतात, जागा त्या मानाने मूठभर, आणि एकेका गुणावर शेकडो मुले खालीवर होतात. तिथे असे चार-दोन गुणसुद्धा एखाद्या घराची दहा वर्षे फिरवू शकतात.

आणि पहिला प्रश्नसुद्धा दिसतो तितका सोपा नाही. दोनशिक्षकी शाळा आहे, एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, जोडीदार शिक्षक बैठकीला गेलेला आहे आणि पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घ्यायला टेंपो दारात उभा आहे. अशा वेळी शहाणा शिक्षक त्या मध्येच बोलणाऱ्या पोराकडे दुर्लक्ष करतो, तासाभराने त्याला हाताशी घेतो. पुस्तकाच्या उत्तरसूचीत हा शिक्षक चुकला.

या विषयावर जगात शंभर वर्षे काम झाले आहे, आणि त्याचा निष्कर्ष आपल्या तज्ज्ञांना माहीत नसेल असे मला वाटत नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला तोफांच्या माऱ्यात मनाने खचणारे सैनिक आधीच हेरायचे होते. रॉबर्ट वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी होय-नाहीची प्रश्नावली बनवली. ती तयार होईपर्यंत युद्ध आटोपत आले होते. 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसांतला फरक सांगणारे सुमारे 18,000 शब्द वेचले. त्यांची गाळणी होत होत पुढे पाच मोठे गुण ठरले: नव्याची ओढ, कामातली शिस्त, बहिर्मुखता, सौजन्य आणि मनाची चंचलता. आज बहुतेक गंभीर चाचण्या या पाचांभोवती फिरतात. मायर्स-ब्रिग्ज नावाची, माणसांचे सोळा प्रकार पाडणारी चाचणी कंपन्यांमध्ये फार लोकप्रिय आहे, पण ती चाचणी पुढे नेणारी संस्थाच सांगते की नोकरीवर घेताना उमेदवार निवडण्यासाठी ती वापरू नका.

नोकरीतले काम आणि असे गुण यांचा संबंध किती, हा खरा प्रश्न. 1965 मध्ये रॉबर्ट गायन आणि रिचर्ड गॉटियर यांनी तोवरचा अभ्यास तपासून सांगितले की निवडीसाठी या चाचण्यांवर भिस्त ठेवावी असा पुरावा नाही. 1991 मध्ये बॅरिक आणि माउंट यांनी नव्याने सगळे अभ्यास एकत्र करून दाखवले की कामातली शिस्त हा एक गुण बहुतेक सगळ्या प्रकारच्या कामांत थोडाफार उपयोगी पडतो. त्यानंतर या चाचण्यांचा बाजार पुन्हा तेजीत आला. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने हिशेब पुन्हा तपासले. ज्या मापात शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, त्या मापात शिस्तीच्या प्रश्नावलीचा कामाशी संबंध 0.19 च्या आसपास निघाला. सगळ्यांना तेच प्रश्न आणि तेच निकष लावून घेतलेल्या मुलाखतीचा 0.42. प्रत्यक्ष काम करून दाखवण्याचा 0.33. आणि शिस्त हा या पाचांतला सर्वांत भरवशाचा गुण, हे लक्षात घ्यावे.

2007 मध्ये या क्षेत्रातल्या नामवंत नियतकालिकांच्या काही माजी संपादकांनी मिळून एक लेख लिहिला. नोकरीसाठी भरलेल्या प्रश्नावलीत उमेदवार स्वतःला चांगला दाखवणारच, ते थांबवता येत नाही, आणि या प्रश्नावल्यांचा कामाशी संबंध मुळात क्षीण आहे, म्हणून दुसरे मार्ग शोधा, असा त्या लेखाचा सूर होता. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलीला जे एका क्षणात कळले तेच हे.

आणखी एक गोष्ट हिंगोलीसारख्या जिल्ह्याला जास्त लागू पडते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 23 विकसनशील देशांतल्या 94,000 हून अधिक लोकांची उत्तरे तपासली. पाच गुणांच्या प्रश्नावल्या तिथे घरोघरी जाऊन विचारल्या तेव्हा त्या जे मोजायला निघाल्या ते नीट मोजतच नव्हत्या. लोक समोरच्याचे मन राखायला 'हो' म्हणत होते, प्रश्नांचा अर्थ वेगळा लागत होता. त्याआधी 2013 मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने या जंगलात राहणाऱ्या समाजात पाच गुणांचा हा साचाच सापडला नाही. पुस्तकात, शाळेत, शहरात वाढलेल्या माणसाला 'मी स्वतःबद्दल असे म्हणेन' हे वाक्य सरावाचे असते. आमच्याकडच्या आंध समाजातला, बंजारा तांड्यावरचा, पहिल्यांदाच शिकलेला मुलगा असे स्वतःकडे बाहेरून बघून टक्केवारीत बोलायला शिकलेला नसतो. घरात त्याला कोणी 'तुझा स्वभाव कसा आहे' असे विचारलेले नाही. 'काम झालं का' एवढेच विचारले आहे. आपल्या चाचणीतले प्रश्न कोणावर घासून पारखले, त्यात अशी मुले किती होती, हे उमेदवारांना कळायला हवे की नको?

स्वभाव पारखण्याचे काम मनापासून करायचे ठरवले तर काय लागते, याचा नमुना आपल्याच देशात आहे. सैन्यातला अधिकारी निवडणारी सेवा निवड मंडळे 1943 पासून हे काम करत आहेत. पहिले मंडळ डेहराडूनला बसले होते. उमेदवाराला पाच दिवस राहायला बोलावतात. चित्रे दाखवून गोष्टी लिहायला लावतात, 60 शब्द एकेक करून दाखवून प्रत्येकाला 15 सेकंदांत मनात येईल ते लिहायला सांगतात, अडचणीचे 60 प्रसंग देतात. पण तेवढ्यावर निवड करत नाहीत. मैदानावर गटाबरोबर लाकडी फळी, दोर आणि पिंप देऊन अडथळा पार करायला लावतात, वेगळा अधिकारी सविस्तर मुलाखत घेतो आणि शेवटी मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा असे तिघे एकत्र बसून निर्णय करतात. तिथेही शिकवणी वर्ग पोहोचले आहेत, हे खरे. तरी पाच दिवस सतत सोंग आणणे फार कठीण असते. या परीक्षेसाठी मराठी मुले कमी पडतात म्हणून राज्य सरकारने 1977 मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली आणि अलीकडे नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू केली. व्यक्तिमत्त्व कसे बघतात आणि कसे घडवतात हे महाराष्ट्र शासनाला चांगले ठाऊक आहे. दोन लाख उमेदवारांना पाच-पाच दिवस बोलावणे शक्य नाही हे मलाही कळते. पण जे शक्य नाही ते 36 सेकंदांत उरकल्याचे दाखवू नये.

आता शिक्षकाचा स्वभाव वर्गात कसा दिसतो ते सांगतो. कळमनुरी तालुक्यातल्या एका तांड्यावर एक तरुण शिक्षण सेवक आला होता. दुसऱ्या जिल्ह्यातला, बोलायला अगदी भिडस्त. केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो कधी स्वतःहून उठून बोलला नाही. सगळे आपापले उपक्रम सांगत, हा मागच्या बाकावर वही उघडून बसे. बहिर्मुखतेच्या प्रश्नांत त्याला गुण मिळाले असते असे मला वाटत नाही. फेब्रुवारीत मी त्याच्या शाळेला भेट दिली. हळद काढणीचे दिवस. आमच्याकडे त्या दिवसांत पटावर नावे असतात आणि वर्गात मुले नसतात. याच्या वर्गात मुले होती. तो खुर्चीवर नव्हता, सतरंजीवर मुलांमध्ये बसला होता आणि मध्ये हळकुंडांचा ढीग होता. मुले दहा-दहा हळकुंडांचे गठ्ठे करून सुतळीने बांधत होती; दशक आणि एकक चालू होते. फळ्यावर 'याडी' आणि 'बाटी' असे लिहिलेले होते आणि त्यांच्यासमोर 'आई' आणि 'भाकरी'. पहिलीतली एक मुलगी, जिचा आवाज मी आधीच्या भेटीत ऐकला नव्हता, ती हळद शिजवायच्या कढईत पाणी किती घालतात ते गोरमाटी या बंजारा बोलीत सांगत होती. तो शिक्षक गप्प बसून ऐकत होता. ती अडखळली, थांबली. त्याने तिला शब्द पुरवला नाही. वाट पाहिली. तिने वाक्य पूर्ण केले.

मी पाठ निरीक्षणाचा छापील नमुना काढला आणि त्यात ही गोष्ट लिहायला जागा सापडेना. 'शैक्षणिक साहित्याचा वापर: चांगला' एवढे लिहून सही केली.

ही वाट पाहणे म्हणजे काय, याचा अभ्यास झालेला आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात वर्गांचे ध्वनिमुद्रण तपासले. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद थांबणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात मुलांची उत्तरे लांब आली, गप्प बसणारी मुले बोलू लागली. धीर हा स्वभावाचा गुण आहे ना? तो असा घड्याळ लावून मोजता येतो. शिक्षक मुलाला नावाने हाक मारतो का, चुकलेल्या उत्तराचे काय करतो, प्रश्न फक्त पुढच्या बाकावरच्या मुलांना विचारतो की मुलींना आणि मागच्या रांगेलाही विचारतो, हे दोन माणसे मागे बसून स्वतंत्रपणे लिहू शकतात आणि दोघांचे लिहिलेले जुळते का ते पाहता येते. शिवाय पाठ बघायला कोणी आले म्हणून तीन सेकंद थांबणारा शिक्षक खोटे वागत असला तरी मुलाचा फायदाच होतो.

समायोजनाचेही तसेच आहे. कोल्हापूर किंवा जळगावकडचा मुलगा औंढ्याच्या डोंगराळ भागातल्या शाळेवर येतो. गावात भाड्याने खोली मिळत नाही, एसटी दिवसातून एकदा, शिक्षण सेवकाचे मानधन 16,000 रुपये, तेही 2023 पासून. त्याआधी प्राथमिकला 6,000 होते. दोन वर्षांनी तो आंतरजिल्हा बदलीच्या आशेवर दिवस मोजू लागला तर त्याच्यात समायोजनक्षमता कमी होती असे म्हणायचे का? त्याच गावात ज्या वर्षी सरपंचाने स्वतःच्या वाड्यातली खोली शिक्षकाला दिली, त्या वर्षी तोच माणूस रमलेला मी पाहिला आहे. माणूस तोच, शाळा तीच. एका खोलीने फरक पडला. अशा गोष्टी माणसाच्या आत शोधत बसलो की खात्याला खोली, रस्ता आणि वेळेवर मानधन यांबद्दल विचार करावा लागत नाही, ही मला मोठी भीती वाटते.

परीक्षेत न दिसलेल्या शिक्षकाचे एक उदाहरण आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले आहे. इथल्या नांदापूरला 1932 साली जन्मलेले आणि वसमतला शाळा शिकलेले नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते मास्तर झाले, पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, आणि सगळा मराठवाडा त्यांना गुरुजी म्हणू लागला. परीक्षा निरर्थक असतात असे मला म्हणायचे नाही; प्रत्येक नापास मुलगा कुरुंदकर नसतो. मला एवढेच दिसते की ते कसले शिक्षक आहेत हे त्यांच्यासमोर बसलेल्या मुलांना सर्वांत आधी कळले.

म्हणून माझी विनंती. पुढच्या अभियोग्यता चाचणीआधी समायोजन आणि व्यक्तिमत्त्व हे उपघटक गुणांच्या बेरजेतून वगळावेत. कल आणि आवड जाणून घ्यायची असेल तर उमेदवाराला त्याचा अहवाल त्याच्या स्वतःच्या माहितीसाठी द्या, गुण देऊ नका. त्या प्रश्नांची जागा विषयज्ञानाला आणि मुलांच्या चुका ओळखण्याच्या प्रश्नांना द्या. तिसरीतल्या मुलाने 52 मधून 27 वजा करून 35 लिहिले, तर तो कुठे चुकला, आणि त्याला पुढचे कोणते उदाहरण द्याल? याचे उत्तर पाठ करून येत नाही, आणि त्यातून मुलाकडे बघायची सवयही दिसते.

मग शिक्षण सेवकाची तीन वर्षे. 2000 साली ही योजना आली तेव्हापासून हा काळ आपल्याकडे आहे. जगातल्या कोणत्याही निवड करणाऱ्याला हेवा वाटावा अशी ही सोय आहे: उमेदवार प्रत्यक्ष कामावर, रोज, तीन वर्षे. या तीन वर्षांत नव्या शिक्षकाच्या वर्गात पूर्ण तास बसून पाठ किती वेळा बघितला जातो, याची माहिती आपण प्रत्येक जिल्ह्याकडून मागवावी. माझी सूचना अशी की वर्षातून निदान तीन वेळा दोन माणसांनी पाठ बघावा. एक केंद्रप्रमुख, आणि दुसरा वेगळ्या तालुक्यातला अनुभवी शिक्षक, ज्याला गावातल्या राजकारणाशी देणेघेणे नाही. निकष राज्यभर एकच, आधी जाहीर केलेले, डोळ्यांनी दिसतील असे. लिहिलेल्या निरीक्षणाची प्रत त्याच दिवशी शिक्षकाच्या हातात. आणि हे ठळकपणे लिहून ठेवा की या निरीक्षणावरून कोणाची नोकरी जाणार नाही. ज्याला अडते त्याच्या जोडीला पुढचे सत्रभर चांगला शिक्षक दिला जाईल. नोकरी जाण्याची धास्ती घातली की निरीक्षणाचेही सराव पुस्तक निघेल आणि मर्जी मागच्या दाराने परत येईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे हे काम देता येईल. केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या जागा आधी भराव्या लागतील, हे मात्र उघड आहे. एकाच माणसाकडे दोन-दोन केंद्रे असताना तास बसून पाठ बघणे होत नाही.

आमची मुले हिंगोलीहून पुण्याला जातात तेव्हा खासगी कंपन्यांच्या अर्जातही अशाच प्रश्नावल्या त्यांच्यासमोर येतात. 'तुम्ही निवडले गेला नाहीत' एवढाच निरोप येतो. कोणत्या उत्तरामुळे, ते कळत नाही. स्वतःच्या मनाबद्दल दिलेली ती शंभर उत्तरे कोणाकडे किती वर्षे राहणार, हेही कळत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या बाबतीत नागरिकाला काही हक्क दिले आहेत, पण नोकरी मागणारा माणूस हक्क बजावायला कचरतो. सरकारने स्वतःच्या एवढ्या मोठ्या भरतीत ही पद्धत सोडली तर खासगी मालकांनाही दोनदा विचार करावा लागेल.

आणि आपल्याला माझे म्हणणे चुकीचे वाटत असेल, तर ते तपासण्याचे साधन आपल्याच हाती आहे. 2017 आणि 2023 च्या चाचण्यांतून लागलेले हजारो शिक्षक आज राज्यभर वर्गात उभे आहेत. त्यांचे घटकनिहाय गुण शोधून काढता येतील. नावे झाकून ते गुण बाजूला ठेवा. मग त्यांच्या वर्गात, ज्याला ते गुण माहीत नाहीत अशा माणसाने बसून पाठ बघावा, मुलांची हजेरी आणि वाचन-गणिताची प्रगती बघावी, आणि शेवटी दोन्ही जुळवून पाहावे. व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नांत वरचढ ठरलेले शिक्षक वर्गातही वरचढ आहेत असे निघाले, तर मी जाहीरपणे माझे म्हणणे मागे घेईन. संबंध निघाला नाही, तर ते गुण आपण मागे घ्यावेत. दोन्ही बाबतींत निष्कर्ष प्रसिद्ध करावा.

ही तपासणी हिंगोलीपासून सुरू करता येईल. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झालेला हा लहान जिल्हा, पाचच तालुके. कयाधूकाठची काळी जमीन, कळमनुरीचा डोंगर, वसमतचा हळदीचा पट्टा, तांडे, आंध वस्त्या, शहरातली उर्दू माध्यमाची शाळा, असे सगळ्या तऱ्हेचे वर्ग एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतात. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक प्रत्येक तालुक्यात आहेत. निरीक्षणाचे प्रशिक्षण दिलेत तर आम्ही मानधन न घेता वर्गांत बसायला तयार आहोत. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हापासून सुरुवात करता येईल. आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
जि. हिंगोली